कोठाराचा हिशेब कोणाजवळ?

शालेय इतिहासाच्या पुस्तकांत एक वाक्य कित्येक पिढ्या ठाण मांडून बसले आहे: प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी उदयास आल्या. वाक्य खरे आहे. पण ते पाठ करून विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःलाच विचारण्याजोगा आहे. नद्या जगात शेकड्यांनी आहेत. मोठी नगरे, देवळे, लेखनकला आणि राज्ययंत्रणा मात्र इ. स. पू. चौथ्या व तिसऱ्या सहस्रकांत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच खोऱ्यांत उभी राहिली. पाणी सर्वत्रच वाहत होते. मग काही ठिकाणीच हे का घडले, आणि घडले ते कोणत्या वाटेने?

याचे उत्तर शोधू लागले की नदीपेक्षा धान्याच्या कोठाराकडे अधिक लक्ष द्यावे लागते. शेताने धान्य पिकविले, धर्माने ते एकत्र आणले, शासनाने ते राखले आणि वाटले. आणि या तिघांच्या मध्ये मातीची पाटी घेऊन एक हिशेबनीस बसलेला होता. हे धान्य कोणाचे, आणि त्याचा जाब कोणी कोणाला द्यावयाचा, हा या प्राचीन समाजांपुढील मध्यवर्ती प्रश्न होता. तो अजूनही शिळा झालेला नाही.

अवेळी येणारे पाणी

आज ज्याला आपण दक्षिण इराक म्हणतो तो सुमेरचा प्रदेश मुळात सुपीक खरा, पण पावसाच्या बाबतीत दरिद्री. तेथे वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. केवळ पावसाच्या भरवशावर तेथे शेती होणे अशक्य. तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्या हा एकमेव आधार. पण तो आधारही लहरी. उत्तरेकडील डोंगरांतले बर्फ वितळून या नद्यांना पूर येतो तो वसंत ऋतूत, म्हणजे जव कापणीला आलेले असतात तेव्हा. उलट शरदात पेरणीसाठी पाणी हवे, तर नद्यांचे पात्र रोडावलेले. नको तेव्हा लोंढा आणि हवे तेव्हा ओहोळ, अशी ही स्थिती होती. शेतकऱ्याला एकाच वेळी बांध घालून पीक वाचवायचे होते आणि पाट काढून पाणी आणायचे होते. शिवाय पाटांत दरवर्षी गाळ साचे. तो उपसला नाही, तर दोन-चार वर्षांत शेत कोरडे पडे. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हते. शेजाऱ्यांनी मिळून करावे, तर कोणी किती दिवस खपावे आणि पाण्याची पाळी कोणाची आधी, हे कोणीतरी ठरविणे भाग होते.

नाईलचा स्वभाव अगदी निराळा. इथिओपियाच्या पठारावर पडणाऱ्या उन्हाळी पावसाने ती भर उन्हाळ्यात फुगते आणि शरदात ओसरते. ओसरताना शेतांवर गाळाचे नवे खत पसरून जाते आणि पेरणीची वेळही नेमकी तीच असते. इजिप्तच्या शेतकऱ्याने खाचरांना बांध घालून पाणी काही आठवडे कोंडावे, मग सोडून द्यावे आणि ओल्या मातीत बी टाकावे. नदीचा नियमितपणा एवढा की ती किती चढली हे मोजून त्या वर्षीच्या पिकाचा, आणि म्हणून कराचाही, अंदाज बांधता येई. अगदी आरंभीच्या राजांच्या काळातील पुराच्या उंचीच्या नोंदी 'पालेर्मो शिला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोरीव दगडावर आजही वाचता येतात. राजाच्या कारकिर्दीतील प्रत्येक वर्षाच्या हकिकतीखाली पाण्याचे माप कोरलेले आहे. राज्याचा इतिहास आणि नदीचा इतिहास एकाच दगडावर नोंदविणारे हे शासन पाण्याला किती महत्त्व देत होते, ते वेगळे सांगावयास नको.

देवाचे घर, धान्याचे घर

सुमेरमध्ये हे 'कोणीतरी ठरविण्याचे' काम प्रथम देवळाभोवती एकवटले असावे असे दिसते. एरिदू येथील उत्खननात एकाच जागी एकावर एक बांधलेल्या देवळांचे थर सापडले. सर्वांत खालच्या थरांत एखाद्या खोलीएवढे देवघर, आणि वर यावे तसतसे मोठे होत गेलेले चौथऱ्यावरचे मंदिर. शेकडो वर्षे लोकांनी जागा बदलली नाही. जुने पाडून त्याच मातीवर नवे उभारले. उरुक या नगरात तर इ. स. पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस इनान्ना देवीचे भव्य मंदिर-संकुल उभे होते आणि नगराचा विस्तार सुमारे अडीच चौरस किलोमीटर झाला होता.

या देवळांकडे केवळ उपासनास्थाने म्हणून पाहिले, तर त्यांचे अर्धेच स्वरूप लक्षात येईल. देवळाची शेते होती, मेंढरांचे कळप होते, विणकर स्त्रियांचे मोठमोठे ताफे होते आणि धान्याची कोठारे होती. एके काळी संशोधक असे मानीत की, सुमेरमधील सारी जमीन देवळांच्याच मालकीची होती. पुढे राजवाड्याच्या व कुटुंबांच्या मालकीच्या जमिनींचे पुरावे मिळाले आणि ते मत मागे पडले. तरीही देवळाचा आर्थिक व्यवहार फार मोठा होता, याविषयी दुमत नाही.

शेतकऱ्याने आपल्या घामाचे धान्य तेथे का नेऊन घालावे? यात भीती होतीच; पण केवळ भीतीवर एवढी मोठी व्यवस्था शतकानुशतके चालत नाही. जेथे पूर एका रात्रीत शिवार धुऊन नेतो, तेथे एका घरच्या कणगीपेक्षा साऱ्यांच्या कणगीचा आधार मोठा असतो. ती साऱ्यांची कणगी शेजाऱ्याच्या ताब्यात देण्यास माणूस कचरतो. देवाच्या ताब्यात देण्यास तितका कचरत नाही. धर्माने येथे बजावलेली कामगिरी ही अशी होती. परक्या माणसांना एकमेकांवर टाकता न येणारा विश्वास त्याने देवावर टाकावयास लावला. अर्थात देव स्वतः धान्य मोजीत नाही. मोजणारी माणसे होती, आणि तेथूनच कथेला दुसरे वळण लागते.

पहिला लेखक हिशेबनीस होता

उरुकच्या मातीतून सुमारे पाच हजार अतिप्राचीन मृत्पाट्या आणि त्यांचे तुकडे हाती आले आहेत. मानवजातीचे हे पहिले लेखन. त्यात स्तोत्रे असतील, राजांची चरित्रे असतील, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक साऱ्या पाट्या हिशेबाच्या आहेत. जव इतके आले, मेंढ्या इतक्या गेल्या, अमक्याकडून इतके येणे आहे. एका पाटीवर ३७ महिन्यांच्या काळातील जवाची २९,०८६ मापे नोंदविलेली असून तीवर 'कुशिम' असे वाचले जाणारे नाव आहे. ते एका व्यक्तीचे नाव की एका पदाचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. व्यक्तीचे असेल, तर ज्यांचे नाव लेखी स्वरूपात टिकले अशा पहिल्या काही माणसांपैकी हा एक. आणि तो राजा नव्हता, कवी नव्हता, योद्धाही नव्हता. तो जवाचा हिशेब ठेवणारा कारकून होता.

हिशेबाच्या पाट्या सोडल्या, तर उरलेल्या बहुतांश पाट्या शब्दांच्या याद्या आहेत: प्राण्यांच्या, भांड्यांच्या, आणि विशेष म्हणजे अधिकारपदांच्या. नव्या लेखनिकांना शिकविण्यासाठी त्या केलेल्या असत. म्हणजे पहिल्या कारकुनापाठोपाठ पहिला शिक्षक आणि पहिला विद्यार्थी हेही त्याच कोठाराच्या सावलीत जन्मले. पुढच्या काळात सुमेरी लोक शाळेला 'पाट्यांचे घर' अशा अर्थाच्या नावाने ओळखीत. अधिकारपदांची यादी हा तेथला एक मूळ पाठ होता. त्या मुलाला अक्षराबरोबरच समाजाची उतरंडही गिरवावी लागे.

त्याच थरांत तिरप्या काठांची ओबडधोबड मातीची वाडगी अक्षरशः हजारोंनी मिळतात. मजुरांना जवाचा शिधा मोजून देण्याचे हे माप असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. 'खाणे' या अर्थाच्या प्राचीन चिन्हात माणसाचे डोके आणि त्यापुढे असेच एक वाडगे दाखविलेले असते. शिधा, माप आणि लिपी यांची एवढी जवळीक होती.

रक्षक आणि भक्षक

कोठार भरले की त्यावर डोळा ठेवणारे निर्माण होतात. बाहेरचेही आणि आतलेही. इ. स. पू. सुमारे २५०० पासून लगाश आणि उम्मा या दोन शेजारी नगरराज्यांत सरहद्दीवरील शेते आणि पाट यांवरून पिढ्यान्‌पिढ्या झगडा चालला. लगाशचा राजा एआनातुम याने आपल्या विजयाचे शिल्प कोरविले. ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मेलेल्या शत्रूंची मुंडकी गिधाडे उचलून नेत आहेत, असे त्यावर दाखविले आहे. शिल्पाच्या दुसऱ्या बाजूस शत्रूंना जाळ्यात पकडणारा देव आहे. पाण्याचा आणि बांधाचा तंटा देवाच्या नावाने लढला जात होता. देवळाच्या व्यवस्थापकाशेजारी सैन्याचा नायक येऊन उभा राहिला तो अशा झगड्यांतून, आणि हळूहळू तो वरचढ ठरला.

आतून होणाऱ्या लुबाडणुकीची साक्षही त्याच लगाशने ठेवली आहे. इ. स. पू. २३५० च्या सुमारास तेथे उरुकागिना हा राजा झाला. मृताच्या दफनासाठीही अधिकारी भरमसाट धान्य उकळत होते, देवळाच्या बैलांनी राज्यकर्त्याचे कांद्याचे मळे नांगरले जात होते, अशा तक्रारी त्याच्या लेखांत नोंदविल्या असून आपण हे बंद केले असे तो सांगतो. 'स्वातंत्र्य' या अर्थाचा शब्द त्याच्या लेखांत आढळतो. त्याचा शब्दशः अर्थ 'आईकडे परतणे' असा लावला जातो. कर्जापायी गुलाम झालेला माणूस आपल्या घरी परतला, हे त्यांचे स्वातंत्र्य. सुधारणेचा दावा राजाचाच आहे हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. कोठाराच्या रक्षकांकडून हिशेब मागता येतो, ही कल्पना चार हजार वर्षांहूनही जुनी आहे.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने इ. स. पू. १७५० च्या सुमारास कोरविलेली संहिता १९०१-०२ मध्ये इराणातील सुसा येथे सापडली. शिळेच्या माथ्यावर राजा सूर्यदेवापुढे उभा आहे आणि खाली २८२ कलमे आहेत. त्यांतील बांधाविषयीचे कलम मुद्दाम पाहण्यासारखे आहे. आपल्या शेताचा बांध मजबूत ठेवण्यात ज्याने आळस केला आणि त्या खिंडारातून पाणी घुसून इतरांची शेते बुडाली, त्याने बुडालेले धान्य भरून द्यावे. ऐपत नसेल, तर त्याला व त्याच्या मालमत्तेला विकून आलेले पैसे नुकसान झालेल्यांत वाटावेत. शिक्षा क्रूर आहे. परंतु तिच्यामागील जाणीव स्पष्ट आहे. पाण्याच्या काठी कोणाचाही बांध केवळ त्याचा एकट्याचा नसतो.

थकलेला शिधा

इजिप्तमध्ये राजा हाच देव मानला गेला. त्यामुळे देवाचे कोठार आणि राजाचे कोठार यांतील अंतर तेथे कमी होते. या व्यवस्थेने पिरॅमिड उभारले हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र शिक्षक-कारकुनांनी लक्षात ठेवावा असा तेथला प्रसंग निराळा आहे. राजांची थडगी खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या कारागिरांची वस्ती आजच्या दैर अल-मदीना येथे होती. त्यांचा पगार म्हणजे दरमहा मिळणारे गहू आणि जव. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ११५७ च्या सुमारास, हा शिधा थकला. कारागीर काम टाकून बाहेर पडले आणि जवळच्या देवळांपाशी जाऊन बसले. आपण भुकेने येथे आलो आहोत, वरिष्ठांना कळवा, असे त्यांचे म्हणणे होते. काही दिवसांनी धान्य मिळाले, पुन्हा थकले आणि लोक पुन्हा बाहेर पडले. इतिहासाला माहीत असलेला हा पहिला संप. त्याची हकिकत लिहून ठेवली ती त्याच वस्तीतील एका लेखनिकाने; तो पपायरस आज इटलीतील तुरीनच्या संग्रहालयात आहे. देवरूप राजाच्या राज्यातसुद्धा कोठाराचे दार बंद झाल्यावर माणसे देवळाच्याच दारी गेली, यातले मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे.

राजा न दिसणारी नगरे

सिंधू खोऱ्याकडे वळले की हे सारे ठोकताळे अडखळतात. हडप्पा येथे १९२१ मध्ये आणि मोहेंजोदडो येथे १९२२ मध्ये उत्खननास आरंभ झाला. १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी या संस्कृतीची वार्ता जगाला दिली. इ. स. पू. २६०० ते १९०० हा तिच्या भरभराटीचा काळ. एकास दोनास चार या प्रमाणातील विटा, शेकडो मैलांवर सारखीच भरणारी वजने, सांडपाण्याची बंदिस्त गटारे, मोहेंजोदडोचे सुमारे बारा मीटर लांब व सात मीटर रुंद स्नानकुंड, धोलावीरा येथील दगडी जलाशयांची रांग, हे सारे एखाद्या नियंत्रणाखेरीज झाले असेल असे म्हणवत नाही. परंतु नि:संशय राजवाडा म्हणता येईल अशी वास्तू तेथे नाही, राजाचे वैभवशाली थडगे नाही, विजयाची शिल्पे नाहीत. 'पुरोहित-राजा' म्हणून ओळखला जाणारा दगडी पुतळा अवघा साडेसतरा सेंटिमीटर उंचीचा आहे, आणि ते नावही आधुनिक काळात दिलेले आहे. ज्या इमारतींना उत्खननकारांनी 'धान्यकोठार' म्हटले, त्यांत धान्य साठविल्याचा पुरावा मिळत नाही, असे अलीकडील संशोधक बजावतात. लिपी अद्याप वाचता आलेली नाही. त्यामुळे तेथील कुशिमचे नाव आपल्याला ठाऊक नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या नगरांतील शस्त्रांच्या दुबळेपणावर बोट ठेवले होते. बळाची साधने तोकडी असताना समाज एकत्र कसा राहिला, असा प्रश्न करून त्यांनी धर्माच्या पकडीकडे निर्देश केला. त्यांच्या सर्वच अनुमानांना पुढील पुराव्याने दुजोरा दिला असे नाही. सिंधू लोकांना नांगर ठाऊक नसावा असे ते मानीत. पुढे राजस्थानातील कालीबंगन येथे नांगरटीच्या आडव्या-उभ्या तासांचे शेतच सापडले, आणि तेही नगरांच्या भरभराटीपूर्वीचे. मात्र त्यांनी विचारलेला प्रश्न आजही तेवढाच जिवंत आहे.

पाटकरी आणि हुकूमशहा

कार्ल विटफोगेल या विद्वानाने १९५७ मध्ये असा सिद्धांत मांडला की, मोठ्या प्रमाणावरील सिंचनासाठी केंद्रीय सत्ता अपरिहार्य असते आणि तिच्यातूनच पौर्वात्य निरंकुश राजवटी जन्मल्या. हा सिद्धांत फार गाजला. पण पुराव्याच्या कसोटीवर तो पुरता टिकला नाही. रॉबर्ट ॲडम्स यांनी मेसोपोटेमियाच्या जुन्या पाटांची पाहणी करून दाखविले की, आरंभीचे सिंचन लहान व स्थानिक होते; प्रचंड कालवे राज्ये स्थापन झाल्यानंतर आले. पाण्याने राजा घडविला असे म्हणण्यापेक्षा, घडलेल्या राजाने मोठे कालवे काढले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

महाराष्ट्राला तर हा सिद्धांत खोडण्यासाठी दूर जावयास नको. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून चालविलेली फड पद्धती काही शतकांची जुनी आहे. शिवाराचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, प्रत्येकाचे शेत निरनिराळ्या फडांत असावयाचे आणि गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने ठरल्या पाळीने पाणी सोडायचे. टंचाई पडली, तर ती साऱ्यांनी मिळून सोसायची. या व्यवस्थेला फॅरो लागला नाही की हम्मुराबीही लागला नाही.

त्याहून मागे गेलो, तर भीमेची उपनदी घोड हिच्या काठचे इनामगाव दिसते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० या कालखंडातील हे शेतकऱ्यांचे गाव. तेथे पुराचे पाणी वळविणारा पाट आणि दगडमातीचा बांध मिळाला, पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याच्या शेजारी कोठारासारखी वास्तू मिळाली. हे घर गावप्रमुखाचे असावे असे उत्खननकारांनी मानले. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या करंड्यात जपून ठेवलेली शिरोहीन देवीची मूर्ती व बैल सापडला. शेती, दैवत आणि मुखत्यारी ही तिन्ही येथे एका लहानशा वस्तीत एकत्र दिसतात. नगर मात्र झाले नाही. शेवटच्या काळात चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. कोरड्या पडत गेलेल्या हवामानाने शेती खालावली, असा त्याचा अर्थ उत्खननकारांनी लावला.

मिठाचा थर

ऱ्हासाची कारणे सर्वत्र एक नव्हती. इ. स. पू. २२०० च्या सुमारास पृथ्वीच्या मोठ्या भागात दीर्घ अवर्षण आले. भूशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये त्या घटनेपासून सुरू होणाऱ्या कालखंडाला मेघालयातील एका गुहेतील पुराव्यावरून 'मेघालयन' असे नाव दिले. परंतु सुमेरमध्ये माणसाच्या हातचेही एक कारण होते. सतत पाणी देत राहिल्याने आणि निचरा नसल्याने जमिनीतील क्षार वर आले. याकबसन आणि ॲडम्स यांनी १९५८ मध्ये प्राचीन हिशेबांवरून दाखविले की, लगाशच्या राज्यातील जवाचे उत्पन्न इ. स. पू. २४०० च्या सुमारास हेक्टरी अडीच हजार लिटरांच्या घरात होते. तीनशे वर्षांत ते दीड हजारांपर्यंत घसरले. क्षार न सोसणारा गहू जवळजवळ नाहीसा झाला. या आकड्यांवर पुढे आक्षेप घेतले गेले आहेत. जमीन खारावत होती हे मात्र त्या काळच्या लेखांतूनच दिसते. कोठारात येणारे धान्य दर पिढीस कमी होत होते आणि कारकून ते इमानेइतबारे लिहीतही होता. लिहिलेले वाचून उपाय करणारा मात्र कोणी निघाला नाही.

सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाला हे परके वाटू नये. शिरोळ, वाळवा, मिरज या भागांत उसाला अतोनात पाणी पाजून क्षारपड झालेल्या जमिनी त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. पाणीवापर संस्थांना अधिकार देणारा कायदा महाराष्ट्राने २००५ मध्ये केला. कायद्याच्या कागदावर पाण्याची मोजणी आहे, पाळी आहे, हिशेब आहे. तो हिशेब शेपटाकडच्या शेतकऱ्याला वाचावयास मिळतो का आणि त्यावर त्याला प्रश्न करता येतो का, यावर त्या कायद्याचे मोल ठरणार आहे.

म्हणून नदीकाठच्या संस्कृतींचा धडा शिकविताना शिक्षकांनी नद्यांची नावे आणि सनावळ्या यांवर थांबू नये. वर्गाला एकदा गावच्या पाटावर किंवा रेशनच्या दुकानात न्यावे. पाणी कोण सोडतो, धान्य कोण मोजतो, नोंद कोठे होते आणि ती कोणाला पाहता येते, एवढे चार प्रश्न मुलांना विचारू द्यावेत. उरुकच्या पाटीवरील जवाच्या मापांचा अर्थ त्यांना मग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.